मास्तरांसाठी मोनोपॉड

महाडच्या हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून शरच्चंद्र मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीच्या शिक्षकांपैकी कुणी फंडातून घरावर मजला चढवला, कुणी मुलीचं लग्न लावलं. मास्तरांनी लेन्स आणली. मुंबईच्या एका वर्तमानपत्रातला फोटोग्राफर काम थांबवत होता, त्याची जुनी, पण काच अजून लख्ख. केवढी मोठी! चारुलताबाईंना पहिल्यांदा वाटलं, नवरा दुधाची चरवीच घेऊन आलाय.

"याने काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"गिधाडाच्या डोळ्यातली बाहुली," मास्तर म्हणाले.

आणि ते खरंच गिधाडांच्या मागे लागले. पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत कुशाबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर जुना रायवळ आंबा होता. त्याच्या शेंड्यावर गिधाडांची एक जोडी दरवर्षी घरटं करायची. दर रविवारी पहाटेची एसटी धरून मास्तर तिकडे जायचे आणि दिवेलागणीला धुळीने माखून, हसतमुख परत यायचे. चारुलताबाई शिवणाचे वर्ग घ्यायच्या. त्यांचा रविवार मोकळा असायचा आणि एकटीचा असायचा. सुरुवातीला त्यांना त्या लेन्सचा रागच यायचा. सवत परवडली, निदान तिला पुसूनबिसून मऊ फडक्यात गुंडाळावं लागत नाही, असं त्या शेजारणीला म्हणायच्या.

दोन हजार एक साली मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता, बोलणं गेलं नाही, चालणंही सुधारलं. डावा हात मात्र पूर्ण परतला नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढे दोघे शहाणे राहिले, बाकीची तीन बोटं सांगितलेलं ऐकेनात. आता पावणेसहा किलोचा तो कॅमेरा-लेन्सचा डोलारा अशा हाताने कसा उचलावा?

त्यांच्याकडे एक तिवई होती. पण कुशाबाचं शेत म्हणजे डोंगराच्या उतारावर कोरलेल्या पायऱ्या. वीतभर रुंदीच्या बांधावर तिवईचे तीन पाय कुठे टेकवायचे? मग महाडच्याच एका ओळखीच्या फोटोवाल्याकडून मास्तरांनी मोनोपॉड मागून आणला. मोनोपॉड म्हणजे एकच पाय. काठीसारखा, एकात एक जाणाऱ्या नळ्यांचा. नळी ओढून लांब करायची, फिरवून घट्ट करायची आणि वर लेन्स बसवायची. तो होता लग्नाकार्यातल्या हलक्या कॅमेऱ्यासाठी.

जानेवारी दोन हजार तीनमधल्या त्या रविवारी घरट्यातल्या पिल्लाने पहिल्यांदा मान वर काढली. मास्तर डोळा लावून उभे होते. खालची नळी डाव्या हाताने पुरती आवळली गेली नव्हती. ती सर्रकन आत गेली. लेन्स खाली निघाली, तिला धरायला मास्तर पुढे वाकले आणि बांधावरून खालच्या वाफ्यात पडले. लेन्स त्यांनी छातीशी धरली होती, म्हणून ती वाचली. मास्तरांच्या कपाळाला चार टाके पडले.

कुशाबाच त्यांना जीपने घरी घेऊन आला. चारुलताबाईंना म्हणाला, "वयनी, घाबरू नका. हाडबीड काय मोडलं नाय. पन मास्तर वाटभर एक शब्द बोललं नायत, त्याचीच मला काळजी हाय."

संध्याकाळी मास्तरांनी लेन्स पुसली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या तळाला, जुन्या रजयांच्या मागे ठेवून दिली.

"आता पुरे," ते म्हणाले.

चारुलताबाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्यांचे रविवार परत मिळाले होते. पहिल्या रविवारी मास्तरांनी वर्तमानपत्र तीनदा वाचलं. दुसऱ्या रविवारी खिळ्यांच्या डब्यातले खिळे लांबीप्रमाणे लावून ठेवले. तिसऱ्या रविवारी सकाळी चारुलताबाई चहा घेऊन आल्या, तर मास्तर खिडकीशी उभे राहून आकाशाकडे बघत होते. कपात चहा ओतल्याचा आवाज झाला तसे ते चोरी पकडल्यासारखे मागे वळले आणि म्हणाले, "ढग आलेत वाटतं." आकाशात एक ढग नव्हता.

त्या दिवशी चारुलताबाईंनी मनाशी ठरवलं.

त्यांना फोटोतलं काही कळत नव्हतं. मापाचं मात्र कळत होतं. मास्तर दाढीला गेले तेव्हा त्यांनी रजयांमागून कॅमेरा आणि लेन्स काढली, बाजारच्या पिशवीत घातली आणि मोरूशेटच्या किराणा दुकानात तराजूत ठेवली. मोरूशेट बघत राहिला. पावणेसहा किलो भरलं. तेवढेच तांदूळ त्यांनी त्याच्याकडून जाड कापडी पिशवीत बांधून घेतले. संध्याकाळी गळ्यात टेप अडकवून त्या मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"सरळ उभे राहा. झब्बा शिवायचाय तुमचा."

छाती मोजली, खांदा मोजला, उंची मोजली आणि टेप हळूच डोळ्यापर्यंत नेला.

"झब्बा डोळ्यापर्यंत असतो होय गं?" मास्तरांनी विचारलं.

"हात घसरला," चारुलताबाई म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला.

दोन दिवसांनी लेकीला भेटून येते असं सांगून त्या मुंबईच्या गाडीत बसल्या. मांडीवर तांदळाची पिशवी. त्यांची मुलगी ईरा ठाण्याला राहत होती, बँकेत होती. आईचा बेत ऐकून ती आधी हसली. "आई, मी ऑफिसमधल्या कुणाला तरी विचारते ना. तू कशाला तांदूळ वाहून आणलेस? इथे तांदूळ मिळत नाहीत?"

"मिळतात. पण मोजून आणलेत," चारुलताबाई म्हणाल्या.

फोर्टातल्या एका गल्लीत कॅमेऱ्याचं जुनं दुकान होतं. मालक सत्तरीचे, सडपातळ गृहस्थ. चारुलताबाईंनी काउंटरवर पिशवी ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे काय?"

"कॅमेरा आणि लेन्स. म्हणजे तेवढ्या वजनाचे तांदूळ. हे पेलेल असा मोनोपॉड दाखवा."

नोकराने चार-पाच नग काढून मांडले. चारुलताबाईंनी पहिला उचलला. ॲल्युमिनियमचा होता, पाच नळ्यांचा, मिटला की कुशीत मावेल एवढा. ईराला तो आवडला. "हा बघ आई, एसटीत न्यायला किती सोपा."

चारुलताबाईंनी तो पूर्ण लांब केला आणि खालची नळी बघितली. करंगळीएवढी. वरून दोन्ही हातांनी दाबल्याबरोबर मधे धनुष्यासारखा बाक आला.

"जितके तुकडे जास्त, तितका शेवटचा तुकडा बारीक," मालक म्हणाले. "जड लेन्सला तीन तुकड्यांचा घ्यावा. जाड राहतो. मिटवल्यावर लांब दिसतो, तेवढं सोसायचं."

मग त्यांनी आतून एक काळा मोनोपॉड काढला. चारुलताबाईंनी हातात घेतला आणि चकितच झाल्या. इतका जाड, आणि हातात वजन नाही. त्या उजेडाकडे गेल्या. काळ्या पृष्ठभागाखाली आडवे-उभे धागे दिसत होते.

"अगंबाई, हे तर विणलेलं आहे!"

मालकांना हे फार आवडलं. "सगळे येतात नि किंमत विचारतात. वीण कुणी बघत नाही. कार्बन फायबर म्हणतात त्याला. कार्बनचे केसापेक्षा बारीक धागे विणतात, डिंकासारख्या रसात भिजवून कडक करतात. हे ऐका." त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीवर टिचकी मारली, ती टण्णकन वाजली आणि वाजत राहिली. काळ्या नळीवर मारली, तर ठप् एवढाच आवाज. "थरथर आत जिरते. मोठ्या लेन्सला थरथर म्हणजे वैरीण."

थरथर हा शब्द ऐकून चारुलताबाईंना मास्तरांचा डावा हात आठवला. मग त्यांनी पदर खोचला. तांदळाची पिशवी काळ्या मोनोपॉडच्या डोक्यावर बांधायला लावली, वर स्वतःचा भार दिला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला उभी राहिली. नळी तसूभर हलली नाही.

"किती वजन पेलतो म्हणून लिहिलंय?"

"बारा किलो. तुमच्या तांदळाच्या दुपटीला उतरतो. त्याच्या खाली जाऊ नका. कंपनीने लिहिलेलं वजन नव्या मालाचं असतं, आणि माणूस त्यावर रेलतोसुद्धा."

"आता घट्ट करायचं कसं ते दाखवा."

याच नळ्या दोन तऱ्हेच्या येत होत्या. एकीला फिरवून आवळायचं, दुसरीला बाजूला चपटी कळ, दाबली की बंद. मालक म्हणाले, फिरवायच्या सुबक असतात, कुठे अडकत नाहीत, जाणकार लोक त्याच घेतात.

चारुलताबाईंनी डाव्या हाताची तीन बोटं मुठीत दुमडली. उरला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. तेवढ्या दोन बोटांनी त्यांनी फिरवायची नळी आवळायला घेतली. ईरा काहीतरी विचारणार होती, पण तिला आईचा हात दिसला आणि तिने पुढे होऊन नळीचं वरचं टोक धरलं. फिरवलेली नळी भार दिल्याबरोबर सरकली. चारुलताबाईंनी पुन्हा आवळली, दात-ओठ खाऊन. पुन्हा सरकली. त्यांनी ती खाली ठेवली आणि कळवाली घेतली. अंगठ्याने कळ दाबली. टक्. भार दिला. नळी जागची हलली नाही. दुसरी कळ. टक्. डोळे मिटून पुन्हा एकदा, दोन्ही कळा उघडल्या, दोन्ही लावल्या.

"ही," त्या म्हणाल्या.

मालकांनी स्वतःहून नोकराला स्टूल आणायला सांगितलं. चारुलताबाई बसल्या नाहीत, त्यांनी वही उघडली. डोळ्याची उंची वाचली. त्यातून कॅमेऱ्याची उंची वजा करायची, हे मालकांनी सांगितलं.

"वजा करा, पण वीतभर वाढवा," चारुलताबाई म्हणाल्या. "ते बांधावर उभे राहतात. काठीचं टोक उतारावर, पायाच्या खाली जातं."

"तुम्ही गेलाय तिथे?"

"एकदाही नाही. ते सांगतात ना घरी आल्यावर. मी शिवता शिवता ऐकते."

लांबी पुरत होती. तळाचं रबर फिरवून मागे घेतलं की आतून टोकदार खिळा निघत होता, मातीत रुतायला. घरटं उंचावर, म्हणून मालकांनी काठीच्या माथ्यावर बसवायचं, पुढे-मागेच झुकणारं एक छोटं मजबूत डोकं सुचवलं. ते लेन्सच्या पोटाला असलेल्या कड्यावर बसणार होतं, म्हणजे भार मधोमध. पैसे देऊन झाल्यावर ते काउंटरच्या बाहेर आले आणि तांदळाच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "त्यांना सांगा, डावा हात लेन्सखाली घालायचा नाही. असा वरून ठेवायचा. हाताने काही करायचं नाही, नुसता ठेवायचा. त्याचं वजनच लेन्सला शांत करतं. त्याला बोटं लागत नाहीत."

परतीच्या गाडीत चारुलताबाईंनी मोनोपॉड वर फळीवर ठेवला नाही. महाडपर्यंत दोन गुडघ्यांमध्ये उभा धरून आणला.

घरी मास्तरांनी मोनोपॉडभोवतीचा कागद सोडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हातारपणाची काठी आणलीस?"

"काठी नाही. मोनोपॉड."

"मी सांगितलं होतं? सोडलं म्हटलं ना मी! तुला यातलं काय कळतं? कुणीतरी गळ्यात मारलं असणार." ते उठून मागच्या पडवीत गेले.

चारुलताबाई मोनोपॉड टेबलावर ठेवून भाजी चिरायला बसल्या. बऱ्याच वेळाने पावलं वाजली. मग खुर्ची सरकली. मग मास्तरांचा आवाज आला, पेपर तपासताना असायचा तसा.

"तीनच भाग का घेतलेस?"

"जास्त तुकडे असले की खालचा बारीक होतो. वाकतो."

"हं. कळा कशाला? फिरवायचे मिळाले नाहीत?"

"मिळत होते." विळीवरचा त्यांचा हात थांबला. "अंगठा आणि एका बोटाने मला ते आवळता येईनात. मी दुकानात करून बघितलं. दोनदा सरकले."

बाहेरून मग टक् असा आवाज आला. पुन्हा एकदा टक्. चारुलताबाईंनी वळून बघितलं नाही. कांदा चिरत होत्या, त्यामुळे डोळे पुसायला कारण हाताशी होतं.

"चारू," मास्तर म्हणाले, "त्या झब्ब्याचं मग काय झालं?"

तरी ते लगेच गेले नाहीत. कपाळावरची जखम भरली होती, पण पडण्याची भीती आत बसली होती. मोनोपॉड घेऊन अंगणात उभे राहायचे, समोरच्या तारेवरच्या पाखरावर लेन्स रोखायचे आणि आत यायचे. मार्चच्या अखेरीला पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून कुशाबाचा फोन आला. फोन चारुलताबाईंनी घेतला.

"वयनी, मास्तरांना सांगा, पिल्लू फांदीवर येऊन पंख झाडतंय. चार दिसांत उडल बगा. मागून मला बोल लावू नका."

चार वर्षांत त्या घरट्यातलं एकही पिल्लू उडताना मास्तरांना दिसलं नव्हतं. दोन मेली होती, दोन ते नसताना उडून गेली होती. त्यांनी फोनची हकिगत ऐकली, पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"पडलो तर?"

"मी मागे उभी राहीन," चारुलताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दोघं निघाले. पोलादपूरहून जीप आणि तिथून पाऊण तासाची चढण. चारुलताबाई तीनदा बसल्या. तीनही वेळा मास्तर त्यांच्याजवळ थांबले. लेन्सची पिशवी कुशाबाच्या खांद्यावर होती, मोनोपॉड मास्तरांच्या उजव्या हातात, आणि अवघड जागी ते त्याचा आधार घेत होते. कुणी त्याला काठी म्हटलं नाही.

बांधावर पोचल्यावर मास्तरांनी रबर मागे घेऊन खिळा मातीत रोवला. कळा लावल्या. लेन्स चढवली. पाय फाकवून, एक पुढे एक मागे, उभे राहिले. डावा हात सवयीने लेन्सखाली जायला लागला, तसा चारुलताबाईंनी तो धरला आणि वर आणून ठेवला.

"असा. नुसता ठेवायचा. दुकानातले म्हणाले, याला बोटं लागत नाहीत."

हात थरथरत होता. लेन्सची पुढची कड अगदी किंचित नाचत होती. मास्तरांनी श्वास सोडला. चारुलताबाई मागून त्यांना टेकून उभ्या राहिल्या आणि आपला तळवा त्यांच्या हातावर ठेवला. दाबला नाही. हळूहळू दोन्ही हातांचा भार एक झाला आणि कड थांबली.

"दिसतंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "चोचीवर माशी बसलीय."

तासभर काही झालं नाही. पिल्लू तपकिरी, थोराड, आईबापाएवढंच दिसत होतं. फांदीच्या टोकापर्यंत यायचं, पंख उघडायचं, खाली बघायचं आणि मागे फिरायचं. चारुलताबाईंच्या पायाला मुंग्या आल्या. ऊन चढलं, दरीतून गरम वारा वर यायला लागला, आणि पिल्लाने पुन्हा पंख उघडले. या खेपेला ते मागे फिरलं नाही. त्याने उडी मारली असं नाही म्हणता येणार. वाऱ्याने त्याला उचललं. चारुलताबाईंच्या तळव्याखाली मास्तरांचा हात एकदम ताठ झाला आणि कॅमेरा खट् खट् खट् वाजला. पिल्लू वेडंवाकडं कलंडत दरीवर गेलं, सावरलं आणि पलीकडच्या सावरीवर, लाल फुलांत, धप्पकन आदळल्यासारखं बसलं.

"बसलं!" कुशाबा ओरडला. "बसलं रे बसलं!"

आवाज ऐकून त्याची बायको आनंदीबाई घरातून आली. ती या पक्ष्यांवर नाराज होती. झाडाखाली सगळं पांढरं करतात, वास मारतो, औंदा फांद्या तोडायच्याच म्हणून तिने नवऱ्यामागे लकडा लावला होता. मास्तर बाजूला झाले. चारुलताबाईंनी कळ उघडली, मोनोपॉड तिच्या डोळ्याइतका खाली आणला, कळ लावली.

"बघा आनंदीबाई. या इथून."

आनंदीबाईने पदराने डोळा पुसून लावला. बराच वेळ बघत राहिली.

"बाय गो," ती म्हणाली, "छाती कशी धपापतेय त्याची. भ्यालंय ते." आणि डोळा न काढता नवऱ्याला म्हणाली, "फांद्या ऱ्हाऊ देत. परत आलं तर कुटं बसंल, त्येला ठाव हाय व्हय दुसरं झाड?"

कुशाबा मास्तरांकडे बघून नुसता हसला.

फोटो आठवड्याने धुऊन आले. मास्तरांनी ते टेबलावर ओळीने मांडले. अकरांपैकी आठ लखलखीत होते. उडण्याच्या क्षणाच्या फोटोत पिल्लाच्या छातीवरचं पीस न् पीस दिसत होतं, मात्र डाव्या पंखाचं टोक चौकटीच्या बाहेर गेलं होतं. मास्तर भिंग घेऊन खूप वेळ तो बघत बसले.

"पंख कापला गेला," ते म्हणाले. "जरा आधी मागे घ्यायला हवं होतं. पुढच्या वर्षी बांधाच्या वरच्या अंगाला उभं राहू आपण."

चारुलताबाईंनी मशीन थांबवलं. "आपण" या शब्दाशी जरा थांबून त्या म्हणाल्या, "वरच्या अंगाला माती भुसभुशीत असेल तर खिळा नीट रुतायचा नाही. दिवाळीनंतर एकदा जाऊन बघून येऊ."

"येऊ," मास्तर म्हणाले, आणि तो फोटो भिंतीवर नेमका कुठे लावायचा ते बघायला उठले.